रूथबाईंचा भरला तांब्या

रस्ता चांगला की वाईट हे कसं ओळखायचं, याचं मी रीतसर शिक्षण घेतलं होतं. परीक्षा दिल्या होत्या, सर्टिफिकेट होतं, ते आईने फ्रेम करून भिंतीवर लावलंही होतं. त्या सगळ्यावर पाणी फिरवलं ते रूथबाई साळवे नावाच्या एका नर्सबाईंनी, आणि तेही तांब्यातलं.

बहात्तरचा दुष्काळ. मी ओव्हरशियर होतो, तिशी ओलांडलेला, स्वतःवर बेहद्द खूश. संगमनेर तालुक्यात पठारावर चुनेवाडी म्हणून गाव आहे आणि खाली मुळा नदीच्या काठाला पिंपळदरा. दोन्हींच्या मध्ये राव्याची घळ. दोन बाजूंना काळे कडे, कड्यांच्या कपारीत पोपटांची घरटी, म्हणून हे नाव. घळीतून चुनेवाडीपर्यंत चार मैलांचा खडीचा रस्ता करायचं दुष्काळी काम माझ्याकडे होतं. पठारावरची सहा-सातशे माणसं खडी फोडत होती, मुरूम टाकत होती आणि दुपारी सुकडी खात होती. त्या रस्त्यावर मोटार कधी आलेली नव्हती आणि येईल असं कुणाला वाटतही नव्हतं. एसटी पिंपळदऱ्याला यायची आणि घळीकडे पाठ करून परत जायची.

कामाचा दुसरा आठवडा असेल. सकाळी मी छत्रीखाली खुर्ची टाकून बसलो होतो. खालून सायकलच्या घंटीचा आवाज आला. बघतो तर चाळिशी उलटलेली, काटक बांध्याची बाई, पांढऱ्या पातळाचा कासोटा मारलेला, डोक्याला रुमाल, लेडीज सायकलवरून ताज्या खडीवर चढत येत होती. पुढच्या दांडीला औषधांची पेटी. मागे कॅरियरवर कापडाची चुंबळ, चुंबळीत पितळेचा तांब्या, आणि तो सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून बांधलेला.

ती माझ्यासमोर उतरली, सायकल स्टँडवर लावली, तांब्या सोडला आणि माझ्या टेबलावर हजेरीपत्रकाशेजारी ठेवला. मग बोटाच्या पेराने त्यावर ठोकलं. ठण्ण असा आवाज आला.

"काय सांगतोय हा?" तिने विचारलं.

"काय सांगतोय?"

"रिकामा झालाय म्हनून सांगतोय. नदीतनं निघाले तवा काठोकाठ भरला हुता. भरला तांब्या वाजत न्हाई, साहेब. तुमच्या रस्त्यानं माझं पानी पिलं."

मी हसलो. तिथं खडी पसरणाऱ्या बाया मात्र हसल्या नाहीत. दुष्काळात दोन मैलांवरून पाणी आणणाऱ्या बाया त्या. त्या तांब्याकडे बघत राहिल्या आणि मग माझ्याकडे. एक म्हातारी म्हणाली, "आमी फोडलेल्या खडीवर पानी सांडलं व्हय? मंग आमचंच चुकलं." आणि तिने धुम्मस उचलून सांडल्या जागेवर दणके घालायला सुरुवात केली.

तेव्हापासून दर मंगळवारी असं व्हायचं. रूथबाई खालच्या दवाखान्यातून पठारावर बाळंतिणी बघायला निघायच्या, तांब्या काठोकाठ भरून. जिथवर रस्ता झाला असेल तिथं उतरून ठोकायच्या. उरलेलं पाणी त्या तुकडीतल्या बायांना द्यायचं, हा त्यांचा नेम. अर्धा तांब्या उरला तर अर्धा, पाऊण उरला तर पाऊण. महिनाभरात तुकड्यातुकड्यांत अशी चुरस लागली की मला रोलरची आठवण येईना. माणसं पुन्हा पुन्हा धुम्मस मारत, मुरूम चाळत, रस्त्यावर सुटा दगड दिसला की पायाने नव्हे, हाताने उचलून बाजूला टाकत. मी खात्याला कळवलं की माझ्या देखरेखीखाली कामाचा दर्जा उत्तम आहे.

रूथबाई मूळच्या नगरच्या, तिथल्याच मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या. सायकलही तिथलीच, एक परदेशी नर्स मायदेशी जाताना देऊन गेलेली. संगमनेरच्या दुकानात त्यांनी तिला मागचं चक्र जास्त दात्यांचं बसवून घेतलं होतं, चढाला हलकं जावं म्हणून. दुकानदार म्हणाला होता, "बाई, हिला आता वेग येणार नाही." बाई म्हणाल्या, "वेगाचं काय करू? पोचायचं हाय मला."

पठारावरच्या लोकांनी बाईला सायकलवर बघून पहिली दोन वर्षं तोंडावर पदर घेऊन हसून घेतलं. मग त्यांच्या हातून जन्मलेली पोरं चालायला लागली आणि हसणं आपोआप थांबलं. रविवारी त्या पिंपळदऱ्याच्या छोट्या चर्चमध्ये खड्या आवाजात गायच्या आणि चुनेवाडीच्या जत्रेत पहिल्या पंगतीला बसायच्या. दोन्हीकडे सायकल दाराशी स्टँडवर. ती आडवी टाकलेली मी कधी पाहिली नाही. "आडवी सायकल म्हंजे पडलेलं मानूस," असं त्या म्हणायच्या.

त्यांच्या अशा म्हणी पुष्कळ होत्या, सगळ्या स्वतःच्या. चाकात हवा भरताना मुद्दाम चार दट्टे कमी मारायच्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "चाकात हवा आन् पोटात भाकर, चढाला जाताना दोन्ही जरा कमीच बऱ्या. ठनठनीत चाक दगडावरनं उडतं. मऊ चाक दगडाला समजून घेतं."

एका मंगळवारी त्या मला म्हणाल्या, "खुर्चीतनं रस्ता दिसत न्हाई. चला माझ्यासंगं." मी पिंपळदऱ्यातून भाड्याची सायकल आणली आणि सकाळी सकाळी त्यांच्या मागे निघालो. घळीतला मधला टप्पा अजून व्हायचा होता; तो चढ मी पायवाटेने, हातात सायकल धरून चढलो, हे सांगायला आता लाज वाटत नाही. पण वर पोचलो आणि माझं भानच हरपलं.

वर चुनखडीचा माळ आहे. मैलच्या मैल पांढुरका, कुठं बाभूळ, कुठं हिवर, बाकी नुसतं आभाळ. आमची खडीची पट्टी त्यावरून सरळ गेलेली, आणि तिच्यावर गाडी नाही, बैल नाही, माणूस नाही. दोन चाकांखाली खडीची चुरचुर आणि वर चंडोल. रूथबाई पुढे, पदर कमरेला खोचलेला, पाठ ताठ. मी पायडल मारलं आणि मला शाळेत असल्यासारखा आनंद झाला. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, बायकोने हे वाचू नये. रस्ता मी बांधत होतो, पण तो कशासाठी असतो हे मला त्या सकाळी कळलं.

"दगडाकडं बघू नका," त्या पुढून ओरडून सांगत होत्या. "दगडाकडं बघितलं की चाक दगडावरच जातं. वाटंकडं बघा."

मी दगडाकडे बघितलं. कोपरापासून मनगटापर्यंत साल निघाली. रूथबाईंनी पेटी उघडली, आयोडिन लावलं, माझ्या तोंडून आलेले शब्द ऐकले नाहीत असं दाखवलं आणि आधी माझी सायकल उचलून उभी केली.

तिथं बसलो असताना मी पहिल्यांदा तांब्या नीट पाहिला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसं त्यावर नाव होतं. "सौ. ताराबाई कोंडाजी भांगरे."

"ही कोण?" मी विचारलं.

रूथबाईंनी पेटीचं झाकण लावलं. "नोकरीला लागून दोन वर्सं झाली हुती. कोंडाजी चुनेवाल्याची बायको. आडली. खाली डाक्टर हुता, पन वाट कुठं? माळावरनं लांबच्या फेऱ्यानं अकरा मैल गाडी आनली, निसत्या खडकावरनं. मी गाडीत तिच्यापाशी बसलेले. पोर गाडीतच झाली. तारानं पानी मागितलं. हा तांब्या भरून घेतला हुता, पर दचके खाऊन खाऊन त्यात घोटभर बी उरलं न्हवतं. पोर जगली. तारा ऱ्हायली न्हाई." त्यांनी पदराने तांब्या पुसला. "कोंडाजीनं तांब्या मला दिला. म्हनला, बाई, घरात बघवत न्हाई. साहेब, तवापासनं मी वाट मोजते."

मी सायकलवर बसलो आणि तिथून पुढे वाटेकडे बघत गेलो.

ती गाडीत जन्मलेली पोर म्हणजे चंद्रा. अठरा वर्षांची, ठेंगणी, तोंडाने फटकळ, आमच्याच कामावर खडी फोडायला. सासरी दुष्काळात काम नव्हतं आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती बापाकडे आलेली. चौथा महिना होता. रूथबाई दर मंगळवारी तिच्या हातातला हातोडा काढून घ्यायच्या आणि ती दर बुधवारी परत घ्यायची. घळीचा रस्ता कधी होणार, हे मला रोज विचारणारी तीच. तिला का विचारायचं आहे हे मला आता ठाऊक होतं.

आणि नेमकी त्याच वेळी घळ अडली.

घळीच्या मधोमध तिसऱ्या वळणावर एक मोठा खडक आहे. मी सर्व्हे केला तेव्हा त्याच्या पोटाशी सरळ रस्ता काढला होता. प्रत्यक्ष खोदायला घेतलं तेव्हा चढ अंगावर आला. वीस फूट चाललं तर एक फूट चढ, हे आमच्या पुस्तकातलं. इथं आठ फुटाला एक. बैलाला रिकामी गाडीही ओढवत नव्हती, आत माणूस बसवणं दूरच. मी वर कळवलं की घळीतला टप्पा सोडून द्यावा आणि माणसं नऊ मैलांवरच्या तळ्याच्या कामाला हलवावीत. चूक माझ्या आखणीत असेल असं मला वाटलंही नाही. चूक डोंगराची होती.

रूथबाईंना कळलं तेव्हा त्या चिडल्या. "चुनेवाले पिढ्यान् पिढ्या गाढवं घेऊन खाली उतरायचे. त्यास्नी इचारलं का तुमी?"

"बाई, मी इंजिनियरिंग शिकलोय. गाढवाच्या मागं सर्व्हे करत फिरू का?" मी हे वाक्य मोठ्याने म्हणालो आणि चारचौघांत म्हणालो. पुढे ते मला फार दिवस ऐकवलं गेलं.

मोठे साहेब टप्पा बंद करायचा की नाही ते ठरवायला आले तेव्हा माघ चालू होता. नदीच्या कोरड्या पात्रात जीप थांबली, कारण पुढे जीप जाऊ शकत नव्हती. साहेबांनी वर बघितलं, माझा अहवाल बघितला आणि मान हलवली. तेवढ्यात रूथबाई सायकल घेऊन पुढे आल्या.

"साहेब, मी खालून वर जाते. सायकलवर. पाय जमिनीला लागला न्हाई आन् निम्म्याहून जास्त पानी सांडलं न्हाई, तर घळीतला रस्ता पुरा करायचा. लागला तर तुमी बंद करा, मी परत त्वांड उघडनार न्हाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अशक्य आहे साहेब. माणूस पायी चढताना दमतो." साहेब माणूस रसिक. म्हणाले, "होऊन जाऊ द्या."

बातमी घळभर पसरली. कामं थांबली. दोन्ही कडांना माणसं उभी राहिली, बाया, म्हातारे, डोक्यावर पाट्या घेतलेल्या पोरी. चंद्राने स्वतःच्या घड्यातून तांब्या काठोकाठ भरला. तिच्या बापाने बाईंना दिलेला, आईच्या नावाचा तांब्या. एक थेंबही सांडू दिला नाही.

रूथबाईंनी कासोटा आवळला, चाकातली हवा अंगठ्याने दाबून बघितली, थोडी सोडली आणि बसल्या.

पहिलं वळण त्यांनी सहज घेतलं. दुसऱ्याला रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरप्या तिरप्या जाऊ लागल्या, वीस फुटी रस्ता पूर्ण वापरत, साप चढावा तशा. खडी चाकाखालून निसटत होती. प्रत्येक वेळी हँडल वळलं की माझ्याभोवतीच्या सगळ्यांचे श्वास अडकत होते, आणि माझाही, हे मला नंतर जाणवलं. मी त्यांनी हरावं म्हणून उभा होतो. पण पाय तर माझे वर चालायला लागले होते. साहेबही चढत होते, हातातली टोपी विसरून.

तिसरं वळण आलं. तो खडक. माझा आठाला एक चढ समोर उभा. आणि रूथबाईंनी तिकडे बघितलंच नाही. त्यांनी हँडल डावीकडे वळवलं आणि त्या माझा रस्ता सोडून खडकामागे दिसेनाशा झाल्या.

घळ शांत झाली. एक पोपट ओरडला. साहेब म्हणाले, "पडल्या की काय?" मी चंद्राकडे बघितलं. तिने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले होते आणि ती खडकाच्या वरच्या अंगाला बघत होती, खालच्या नव्हे. तिच्या शेजारच्या दहा-वीस बायाही तिकडेच बघत होत्या. माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली.

मग वरून, पार घळीच्या माथ्यावरून, घंटी वाजली.

घळीत असा कल्लोळ उठला की कपारीतले सगळे रावे एकदम उडाले. हिरव्या पंखांनी वरचं आभाळ झाकलं. लोक धावत सुटले. मी धावलो, साहेब धावले. वर पोचलो तर रूथबाई घामाने न्हालेल्या, सायकल स्टँडवर लावलेली, त्या तांब्याशेजारी उभ्या. साहेबांनी स्वतः पेराने ठोकलं. टक. जेमतेम चार बोटं पाणी कमी.

"तुम्ही वर आलात कोणत्या रस्त्याने?" साहेबांनी धापा टाकत विचारलं.

"गाढवांच्या," रूथबाई म्हणाल्या.

खडकामागे चुनेवाल्यांची जुनी गाढववाट होती, झुडपांत बुजलेली. माझ्या नकाशावर नव्हती. गेले पंधरा दिवस सुकडीच्या सुट्टीत चंद्रा आणि पंधरा-वीस बाया ती साफ करत होत्या, दगड उचलत होत्या, धुम्मस मारत होत्या, आणि हे सातशे माणसांत फक्त मला माहीत नव्हतं. कोंडाजी पुढे आला. मळक्या मुंडाशाचा, चुन्याने हात कायमचे पांढरे झालेला म्हातारा. हात जोडून म्हणाला, "साहेब, वझ्याचं गाढाव सरळ चढत न्हाई. त्याला ठावं असतं, कंबर मोडंल. त्ये वळसा घालून जातं. लई शानं जनावर."

सगळे माझ्याकडे बघत होते. साहेब मोठ्याने हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुंट्या आणि हातोडा घेऊन खडकामागे गेलो. मऊ मुरमात रूथबाईंच्या चाकाची रेघ अजून स्पष्ट होती, जरा पसरट, हवा कमी असलेल्या चाकाची. मी दुर्बीण लावून मोजलं. पंधराला एक. बैलगाडीला मानवेल असा. मी त्या रेघेवर एकामागून एक खुंट्या मारत गेलो. तो रस्ता आजही तसाच आहे आणि कागदोपत्री त्याची आखणी माझ्या नावावर आहे.

ज्येष्ठ लागता लागता रस्ता पुरा झाला. माझी बदली आली. जायच्या दिवशी सकाळी मी ट्रंक घेऊन पिंपळदऱ्याच्या एसटीच्या फाट्यावर उभा होतो. तिथून नदीचं पात्र आणि घळीचं तोंड समोर दिसतं, आणि डाव्या हाताला दवाखाना.

पुढचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. दहा दिवसांनी नव्या ठिकाणी मला रूथबाईंचं पोस्टकार्ड आलं, ठसठशीत अक्षरात: "मुलगी. मायलेकी खुशाल. गाडी घळीतून पाऊण तासात उतरली." ते कार्ड मी सर्टिफिकेटच्या फ्रेममध्ये खोचून ठेवलं. आईने विचारलं, हे काय? मी म्हटलं, हे दुसरं सर्टिफिकेट.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहिली आहे ती सकाळ. घंटी ऐकू आली. घळीच्या तोंडातून रूथबाई बाहेर पडल्या. मागे तांब्या. त्यांच्यामागे कोंडाजीची बैलगाडी, बैल संथ चालीने, कासरा म्हाताऱ्याच्या पांढऱ्या हातात. गाडीत कडब्यावर गोधडी आणि गोधडीवर चंद्रा, दात आवळून, एका हाताने गाडीची दांडी धरून.

पात्राच्या अलीकडे रूथबाई थांबल्या. तांब्या सोडला. ठोकून बघितला नाही, मला वाटतं त्यांची हिंमत झाली नाही. तसाच वर उचलून चंद्राच्या तोंडाला लावला. चंद्रा पाणी प्यायली. घटाघटा, खूप वेळ. कोंडाजीने मान फिरवली आणि तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

रूथबाईंनी तांब्या परत मागितला नाही. चंद्राच्या हातात तसाच दाबून ठेवला, काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही. आणि सायकलवर टांग मारली.

इतक्या महिन्यांत मी त्यांना कधी घाईत पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्या उठून उभ्या राहून पायडल मारत होत्या. मागचं कॅरियर मोकळं, चुंबळ वाऱ्यावर सुटलेली, खडी दोन्ही बाजूंना उडत होती. माझ्या समोरून गेल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, वाटेकडे बघत होत्या. दवाखान्याच्या दाराशी त्यांनी सायकल सोडून दिली आणि पाणी उकळायला टाका, पाणी उकळायला टाका, असं ओरडत आत धावल्या.

माझी एसटी आली. मी खिडकीशी बसलो आणि गाडी वळेपर्यंत मागे बघत होतो. सायकल दाराशी धुळीत आडवी पडली होती, आणि तिचं मागचं चाक अजून फिरत होतं.